पांढरीची भिंत

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या साडेसहाच्या एसटीत माधवी असनारे खिडकीशी बसल्या होत्या आणि मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी पर्समधला कागद तीनदा काढून वाचला होता. कागदावर सोळा ओळी होत्या. सावकाश वाचल्या तरी पाच मिनिटांच्या आत संपतील अशा. ती पाच मिनिटं त्यांना खुद्द कमलाकांत राजूरकरांनी दिली होती. "मॅडम, उद्घाटनाला तुम्ही बोलायचंच. तुमच्याशिवाय हे संग्रहालय उभंच राहिलं नसतं," असं ते फोनवर म्हणाले होते. हेच वाक्य त्यांनी आणखी चाळीस जणांना ऐकवलं असणार, याची माधवीबाईंना खात्री होती.

सोळा ओळींत सांगितलं होतं ते एवढंच, की राजूरकरांच्या संग्रहालयातली जी भिंत बघायला आज गर्दी लोटणार होती, ती दोन हजार वर्षांची नाही. ती फार तर साठ वर्षांची आहे. व्यासपीठावर, पाहुण्यांच्या देखत, राजूरकरांच्या शेजारी उभं राहून त्या हे वाचणार होत्या.

माधवीबाईंनी कृषी विद्यापीठात तीस वर्षं मृदाशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. आवाज हळू, अक्षर बारीक, आणि आकडा सांगितला की दशांशापर्यंत बरोबर. त्यांच्या तोंडून कुणाविषयी वाईट शब्द कुणी ऐकला नव्हता. राजूरकरांविषयीही नाही. राजूरकरांच्या बातम्या तर त्या कापून फायलीत लावत. लोकांना वाटे, कौतुक आहे. एकेका बातमीत "ज्येष्ठ इतिहासकार" हे शब्द किती वेळा आलेत, ते त्या पेन्सिलीनं समासात टिपून ठेवत, हे कुणाला माहीत नव्हतं.

आणि राजूरकर इतिहासकार कुठले? मूळचे आर्किटेक्ट. वडील अमरावतीत वकील. नागपूरला शिकून ते परत आले, राजकमल चौकाजवळ ऑफिस थाटलं, आणि पुढची कितीतरी वर्षं बंगले बांधले, मंगल कार्यालयं बांधली, दवाखान्यांच्या तोंडाला काचा लावून दिल्या. नवं बांधायचं तर आधीचं पाडावं लागतं, आणि धूळ न उडवता, शेजाऱ्यांशी भांडण न होता जुनं घर उतरवून घेण्यात राजूरकरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली अकोल्यातला कापसातली सरकी काढायचा एक जुना जिन पाडून तिथे दुकानांची इमारत करायचं काम त्यांच्याकडे आलं. मापं घ्यायला म्हणून ते आत शिरले आणि आठ दिवस रोज सकाळी जाऊन दिवे लागेपर्यंत तिथेच राहिले. छप्पर तोलणाऱ्या कैच्या कशा जोडल्यात, सरकीची धूळ बाहेर जावी म्हणून झरोके किती उंचीवर ठेवलेत, सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग जिन पाडला. दुकानंही बांधली. पण तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. जे पाडायचं त्याचा आधी पूर्ण नकाशा काढायचा आणि त्याची एक प्रत फ्रेम करून घरमालकाला द्यायची.

लोकांना ही रीत फार आवडली. नव्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर पाडलेल्या घराचा नकाशा झळकू लागला. नकाशा बघून लोकांना एकेक आठवू लागलं, आणि मग ते चौकटी आणून देऊ लागले, कुलपं, कणग्या, समया, पाळण्याच्या कड्या. राजूरकरांचं गोडाऊन भरलं, बांधकामं मागं पडली, व्याख्यानं सुरू झाली. पन्नाशी उलटलेला एक बिल्डरांचा माणूस बघता बघता वऱ्हाडाचा इतिहास सांगू लागला.

"आपणच पाडायचं आणि आपणच गळा काढायचा," माधवीबाई एकदा मुलीला म्हणाल्या होत्या.

श्रावणी फोनवर हसली होती. "आई, जळतेस का गं तू त्यांच्यावर?"

"मी कशाला जळू? थांब, गॅसवर दूध आहे." गॅसवर काहीच नव्हतं.

जळायला कारण होतं. नोकरीला लागल्यापासून माती तपासायला माधवीबाई गावोगाव हिंडल्या होत्या. तिवसा, चांदूर बाजार, नांदगाव खंडेश्वर, एकही तालुका सोडला नाही. शेताची माती काळी आणि वस्तीची पांढरी, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली, की चुलींची राख, शेण, हाडं, पडलेल्या भिंती यांनी जमिनीचा रंगच पालटतो. गाव उठून जातं, पांढरी मागं राहते, एखाद्या टेकाडासारखी. कुठे तिच्यावर गढी असते, कुठे नुसती बाभळी. अशा दोनशे चौदा जागा माधवीबाईंनी अकरा वह्यांत नोंदल्या होत्या. ते त्यांचं कामही नव्हतं. पगार मिळे तो काळ्या मातीचा. पांढरी त्यांनी स्वतःच्या हौसेनं, रविवार घालून जमवली होती.

त्या वह्या त्यांनी दोन हजार चार साली राजूरकरांना दाखवल्या. राजूरकर लहान मुलासारखे नाचायचेच बाकी राहिले. "मॅडम, हे छापा! उद्याच्या उद्या छापा!"

"चार तालुके पुन्हा तपासायचे आहेत," माधवीबाई म्हणाल्या.

"मग मी झेरॉक्स काढून घेऊ?"

"घ्या."

पाच वर्षांनी राजूरकरांचा ग्रंथ आला. मधोमध घडी घातलेला मोठा नकाशा, त्यावर लाल ठिपके. माधवीबाईंनी ते मोजले. दोनशे चौदा. आभाराच्या पानावर त्यांचं नाव होतं : "मातीविषयीच्या माहितीसाठी प्रा. माधवी असनारे, अकोला." वर फोटोग्राफर, खाली टायपिंग करणारा. चोरी म्हणावी तर माणसानं विचारून नेलं होतं आणि आपण 'घ्या' म्हटलं होतं. म्हणून त्या कधी काही म्हणाल्या नाहीत. चार तालुके मात्र अजून तपासायचेच राहिले होते.

बडनेऱ्याला बस थांबली, तेव्हा त्यांनी कागद चौथ्यांदा वाचला.

ती भिंत राजूरकरांना फेब्रुवारीत सापडली होती. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावात किशोर भुयार नावाचा शेतकरी मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधत होता. मधली भिंत साडेतीन फूट जाड निघाली, आणि तिच्यात काळ्या-तांबड्या खापरांचे तुकडे आणि मातीचे भाजलेले मणी. नागपूरच्या एका जाणकारानं फोटो बघून सांगितलं, खापरं सातवाहन काळातली, दोन हजार वर्षं तरी जुनी. ते खरंच होतं. पण राजूरकर हाडाचे बांधकामवाले. भिंतीत जे सापडेल ते भिंतीच्याच वयाचं, हे त्यांनी गृहीत धरलं. किशोरच्या बापाला, पुंजारामला, विचारलं तर तो म्हणाला, "आमच्या आज्याच्याई आंधीची हाय, साहेब." झालं. राजूरकरांनी पुरुषभर उंचीचा तुकडा लोखंडी पिंजऱ्यात घालून जसाच्या तसा उचलायचं ठरवलं, आणि त्याआधी किलोभर माती माधवीबाईंकडे पाठवली.

"भिंत फार जुनी आहे मॅडम, फारच! अजून कुणाला बोललो नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, चिकणमाती किती टक्के? उचलताना सुटेल का?"

नऊ मार्चला माधवीबाईंनी ती माती तळहातावर घेतली आणि मिनिटभरात ओळखली. राखेचे करडे ठिपके, गोगलगाईंच्या शिंपल्यांचा चुरा. गढीची पांढरी. टेकाडावरून खणून आणलेली, आणि खापरं तिच्यासोबत आलेली. शिवाय मातीत मळलेलं गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, अजून पिवळं होतं. दोन हजार वर्षांनी कुटार पिवळं राहत नाही. तरी त्यांनी भिंगाखाली पाहिलं, वस्तीच्या मातीत जास्त असतो तो फॉस्फरस तपासून घेतला, आणि मग रिपोर्ट लिहिला : "चिकणमाती ३४.२ टक्के. उचलताना ओली गोणपाटं गुंडाळावीत." सही, तारीख.

विचारलं तेवढं सांगितलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. नंतर पेपरांत "वऱ्हाडातली सर्वांत जुनी उभी भिंत" असे मथळे यायला लागले. प्रत्येक मथळ्यागणिक फोन करता आला असता. त्या कात्री घेत आणि बातमी कापत. चढू दे अजून, असं त्यांच्या मनात येई. जितका वर चढेल तितकं सगळ्यांना दिसेल.

संग्रहालय शहराबाहेर एका बंद पडलेल्या जिनात होतं. अठरा एप्रिल, जागतिक वारसा दिन. सकाळी साडेनवालाच पत्रे तापले होते आणि कूलर नुसते घरघरत होते. खादीच्या झब्ब्यातले राजूरकर दारातच पुढे आले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण पायात घोड्याचा उत्साह.

"मॅडम आल्या! अहो, मॅडमना पंख्याखाली बसवा रे. बसनं आलात? कमाल करता. गाडी पाठवली असती ना मी!"

हेच माधवीबाईंना सहन होत नसे. माणूस उर्मट असता तर सोपं गेलं असतं.

भाषणांआधी पाहुण्यांनी भिंत बघायची असं ठरलं होतं. दीडदोनशे माणसं पिंजऱ्याभोवती जमली. किशोर भुयार सगळं घर घेऊन आला होता. नवा शर्ट घातलेला पुंजाराम पहिल्या रांगेत, आणि त्याच्या बाजूला खुर्चीवर त्याची आई, पार्बताबाई, वय ऐंशीच्या पुढे. घर पाडलं तेव्हा ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिवस्याला लेकीकडे होती. भिंत तिनं आज पिंजऱ्यातच पाहिली.

राजूरकरांनी माईक घेतला. "मित्रहो, तुमच्यासमोर उभी आहे ती दोन हजार वर्षं. सातवाहनांच्या काळात कुण्या अज्ञात हातांनी—"

"बाप्पा!" खुर्चीतून आवाज आला. "कोनाचे हात म्हनून राहिले, साहेब?"

लोक हसले. राजूरकरही हसले. "कुणाचे ते माहीत नाही, आजी. अज्ञात."

"माहीत नाई कसे? माह्ये हात हायेत ते! ही भीत म्या बांधली नं."

"माय, तू चूप बस नं," पुंजाराम दातांतल्या दातांत म्हणाला.

"काहून चूप बसू? तुले काय मालूम? तू तं पोटात होता." आता सगळा जिन हसू लागला. म्हातारी उठून पिंजऱ्याला धरून उभी राहिली. "माह्यं लगन होऊन दुसरं साल. गढीवरची पांढरी आमी चौघी बायांनी डोक्यावर टोपले घेऊन वाहिली. मले सातवा महिना. सासू म्हने, वजन उचल, पोरगं तगडं होईन. हे पाहा, हे असंच निंगालं." तिनं पुंजारामकडे हात केला. "खापरं काय, त्या मातीत लय खापरं असतात. पाय कापले तं आमचे."

हसणं हळूहळू थांबलं. आता लोक राजूरकरांकडे बघत होते. माधवीबाईही बघत होत्या. पर्समधला कागद या क्षणी निकामी झाला होता हे त्यांना समजलं होतं, पण निदान हे तरी बघायला मिळणार होतं. राजूरकरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी भिंतीला हात लावला आणि खापराच्या एका तुकड्यावरून अंगठा फिरवला.

"गढीची पांढरी," ते माईक विसरून पुटपुटले. मग त्यांनी माईक तोंडाशी नेला. "आजी बरोबर सांगतात. माझं चुकलं. सपशेल चुकलं. खापरं दोन हजार वर्षांची आहेत, ती टेकाडातून आली. भिंत आजींची आहे." ते गर्दीकडे वळले. "मी दोन महिने या घरातल्या पुरुषांना विचारत राहिलो. आणि माती आणणार बाया, कालवणार बाया, लिंपणार बाया. त्यांना मी एका शब्दानं विचारलं नाही. चाळीस वर्षं घरं मोजली मी, आणि हे मला सुचलं नाही. आजी, इकडे या. टोपली किती लागली, सांगा बरं सगळ्यांना."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. पार्बताबाईला खुर्ची गेली, माईक गेला, पाण्याचा ग्लास गेला. गर्दीतल्या दोन म्हाताऱ्या पुढे सरसावून आपापल्या गढीची नावं सांगू लागल्या. एक वार्ताहर बाजूच्याला म्हणाला, "ही बातमी तर आधीच्याहून भारी आहे यार."

माधवीबाई पंख्याखाली बसून होत्या. जन्मभर एकही आकडा न चुकलेली बाई खुर्चीत बसली आहे, आणि हा माणूस चुकतो तर त्याच्यासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. चूकसुद्धा याचीच. चुकीचं श्रेयसुद्धा यालाच. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या उठल्या, संग्रहालयाला शुभेच्छा दिल्या आणि दीड मिनिटात खाली बसल्या.

जेवणाची गडबड सुरू झाली तेव्हा जिन रिकामा होत गेला. माधवीबाई भिंतीपाशी एकट्याच उभ्या होत्या. राजूरकर तिकडून आले, चष्मा पुसत.

"मॅडम, एक विचारू? राग मानू नका." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "ही माती मी तुमच्याकडे पाठवली होती. पांढरी आहे हे तुम्हाला ओळखू आलं नाही का? म्हणजे, नमुना थोडाच होता म्हणा. आणि डोळेही आता पहिल्यासारखे राहत नाहीत. माझेही नाही राहिले. चालायचंच."

त्यांनी सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. नमुना थोडा होता, डोळे थकले, आणि विषय संपला असता. पण मग उद्यापासून हा माणूस त्यांना, दोनशे चौदा जागा पायाखाली घातलेल्या बाईला, पांढरी न ओळखता येणारी समजला असता. आणि वर त्यांची कीव केली असती.

"ओळखली होती," माधवीबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी. हातात घेतल्याबरोबर."

राजूरकरांचं चष्मा पुसणं थांबलं. "मग सांगितलं नाहीत?"

"तुम्ही फक्त चिकणमाती विचारली होती." मग त्यांनाच ते खोटं वाटलं. त्यांनी पर्स उघडली आणि कागद पुढे केला. "आज सांगणार होते. वर उभं राहून. सगळ्यांसमोर."

राजूरकरांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्या सोळाही ओळी वाचल्या. एखादा नकाशा तपासावा तसं बोट फिरवत. सगळी हयात वकिलाच्या घरातली शुद्ध भाषा बोललेला तो माणूस शेवटी एवढंच म्हणाला, "काहून?"

माधवीबाईंना खूप उत्तरं सुचली. आभाराचं पान, लाल ठिपके, रविवार. त्यातलं एकही मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं. "मला तुम्ही पडलेले बघायचे होते," त्या म्हणाल्या.

राजूरकरांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. भिंतीसमोरची पाटी उचलली, तिच्यातलं छापील कार्ड काढून टाकलं आणि कोरं कार्ड घेऊन खांबाला टेकवून लिहू लागले. त्यांचं अक्षर आर्किटेक्टचं, सुटं, उभं, देखणं. माधवीबाईंना त्या अक्षराचाही हेवा वाटे. राजूरकरांनी लिहिलं :

"घरातली मधली भिंत, अंदाजे साठ वर्षांपूर्वीची. माती गढीची पांढरी. वाहून आणली व बांधली : पार्बताबाई भुयार आणि तीन बाया. माती ओळखली : प्रा. माधवी असनारे, अकोला."

तिथे पेन थांबलं.

"तारीख घालू?" त्यांनी विचारलं. वर न बघता.

माधवीबाईंनी कार्डाकडे पाहिलं. नाव पहिल्यांदाच एका ओळीत स्वतंत्र आलं होतं. त्याच्या वर फोटोग्राफर नव्हता, खाली टायपिंगवाला नव्हता. तारीख नसली तर वाचणारा म्हणेल, म्हातारीनं सांगितल्यावर बाईंनी ओळखली असेल. तारीख असली तर उद्घाटनाच्या दिवसाशी ताडून कुणालाही हिशेब लागेल, की या बाईला चाळीस दिवस आधीपासून माहीत होतं आणि ती गप्प बसली. बाहेर पंगतीत कुणीतरी म्हातारीला जिलबीचा आग्रह करत होतं.

"घाला," त्या म्हणाल्या. "नऊ मार्च."

राजूरकरांनी तारीख लिहिली, शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरलं आणि पाटीत सरकवलं. मग ते जेवणाकडे निघाले. मागे वळून 'चला मॅडम' असं काही ते म्हणाले नाहीत.